काम गेलं, माणसं कुठे गेली?

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव भावासकट घेतलं जाई. 'हिंगणघाट' ही तिथे कापसाची एक प्रतच होती. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वर्धेच्या खोऱ्याकडे वळली. १८६२मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला, १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तेव्हापासून या कापसाने जिल्ह्यात अनेकांना काम दिलं आणि तितक्याच सहजपणे काढूनही घेतलं. ते कधी यंत्रामुळे गेलं, कधी कायद्यामुळे, आणि बऱ्याचदा दोन्हींमुळे.

काम गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं, याबद्दल सगळ्यांचीच मतं ठाम असतात. वर्ध्याच्या इतिहासाशी ताडून पाहिली तर त्यांतली बरीचशी टिकत नाहीत.

गैरसमज : गिरणीच्या कापडाने विणकर संपला

विणकर अडचणीत आला हे खरं, पण संपला नाही. संपली ती सूत कातणारी बाई. एक माग चालता ठेवायला कितीतरी चरख्यांचं सूत लागे आणि ते कातणं हे बहुतेक घरच्या बायकांचं, फावल्या वेळातलं काम होतं. कापसातून सरकी काढायची लाकडी चरखीही त्याच फिरवत. आधी विलायती आणि मग देशी गिरण्यांचं सूत बाजारात आलं, वाफेवरचे जिन उभे राहिले, आणि ही दोन्ही कामं काही दशकांत जवळपास नाहीशी झाली. विणकराने मात्र तेच स्वस्त सूत उचललं आणि माग चालू ठेवला. इतिहासकार पीटर हार्नेटी यांनी मध्य प्रांतातल्या हातमागवाल्यांचा १८०० ते १९४७ असा दीर्घ काळ तपासला. त्यांच्या अभ्यासातही धंद्याची घसरण दिसते, अंत दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावता धोटा आला. इंग्लंडमध्ये जॉन के याने तो १७३३मध्येच काढला होता. आपल्याकडे पोचायला पावणेदोनशे वर्षं लागली. पण पोचल्यावर त्याने हातमागाला आणखी काही पिढ्यांचं आयुष्य दिलं.

विणकराचे हाल झाले ते दुष्काळात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत धान्य महागलं, कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि सगळ्यात आधी विणकर कोष्ट्यांची घरं उपाशी पडली. त्यांच्यासाठी वेगळी मदतकामं काढावी लागली. विणकराला जात होती, पेठ होती, सावकाराच्या वहीत नाव होतं. म्हणून त्याचं दुःख सरकारी कागदावर आलं. कातणारीचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. तिचं काम गेलं हे नोंदवायलाही कुणी नव्हतं.

गैरसमज : नवा कारखाना जुन्या कारागिरांना सामावून घेतो

हिंगणघाटला १८८१मध्ये गिरणी सुरू झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पुलगावलाही. शेजारच्या नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७पासून चालत होती. रोजगार वाढला यात वाद नाही. तो कुणाला मिळाला, हे मात्र फार कमी वेळा विचारलं जातं.

विदर्भातले महार पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणत. गिरण्यांच्या कापडाने त्यांचा हा धंदा बसवला आणि त्यांतले बरेच गिरणीतच कामाला लागले. पण विणण्यात हात बसलेल्या या माणसांना गिरणीतलं विणकाम मिळत नसे. मुंबईच्या गिरण्यांतल्या साचाखात्याची, म्हणजे विणकामाच्या खात्याची, हकिकत प्रसिद्ध आहे. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो उष्टा झाला तर विटाळ होईल म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेशच नव्हता. साचेवाल्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली, आणि नेमका तोच दरवाजा बंद. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. तेव्हा कौशल्य असलं की काम मिळतं, हे विधान आपल्याकडे जात वगळून करता येत नाही.

बायकांचं आणखी वेगळं झालं. त्यांना गिरणीत वाइंडिंग आणि रीलिंगची, म्हणजे सूत गुंडाळण्याची, कामं मिळाली. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे या खात्यांत नवी यंत्रं आली. त्याच सुमाराला कायदेही आले. मध्य प्रांताने १९३०मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला, कारखाना कायद्याने बायकांच्या रात्रपाळीला बंदी घातली. हेतू चांगलाच होता. मालकांनी हिशेब केला की बाई महाग पडते आणि रात्री उपयोगाची नाही, आणि तिची जागा रिकामी झाली की तिथे पुरुष घ्यायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरतच गेलं. यंत्र आणि कायदा यांनी हातात हात घालून माणसाला बाहेर काढल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

गैरसमज : गांधींच्या वर्ध्याने यंत्राला नकार दिला

मगनवाडीत पाऊल टाकलं तरी हा समज जावा. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा चिटणीस. त्यांचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि ते होतं चक्क एका प्रयोगशाळेसारखं. तेलाच्या गिरण्यांनी तेली उठवला होता, तर इथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्याची घडणच बदलली. जास्त बी गाळणारा तो घाणा पुढे 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेला. हातकागद, मधमाश्या, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, पायाने चालवून दोन्ही हातांनी कातायचा मगन चरखा, सगळ्यांवर काम चालू होतं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, त्यात ही सामग्री आजही पाहता येते. त्याआधी १९२९मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळी एक लाख! यंत्राचा द्वेष करणारी माणसं असलं बक्षीस लावत नाहीत. शिवणयंत्राला तर गांधीजींनी १९२४मध्येच उघडपणे सवलत दिली होती.

त्यांचा प्रश्न यंत्र हवं की नको असा नव्हताच. यंत्राचा मालक कोण आणि त्याने रिकामे झालेले हात जाणार कुठे, हा होता. इंग्लंडमधल्या लडाइट कामगारांनाही लोक अडाणी यंत्रतोडे समजतात. १८११ ते १८१६च्या दरम्यान यंत्रं फोडणाऱ्यांतले बरेच जण ती यंत्रं रोज चालवणारे कसबी कारागीर होते. त्यांची तक्रार पडत्या मजुरीबद्दल आणि हलक्या मालाबद्दल होती.

मगनवाडीचे सगळे प्रयोग फळले असंही नाही. तेल्याचा धंदा वर्धा घाणीने वाचला नाही. आज शहरांत 'लाकडी घाण्याचं तेल' चढ्या भावाने विकलं जातं, पण तो घाणा विजेच्या मोटरवर फिरतो आणि त्याचा मालक तेल्याच्या घरचा असेलच असं नाही. वस्तू परत आली म्हणून कारागीर परत येतोच असं नाही, हे या धंद्यात स्पष्ट दिसतं. खादीचं काम मात्र वर्ध्यात अजून चालू आहे. १९५५मध्ये सुरू झालेली इथली जमनालाल बजाज संशोधन संस्था आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली आहे आणि सौर चरख्यावर काम करते.

गैरसमज : संपाने गिरण्या बुडवल्या

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्यानंतर गिरण्या बंद पडल्या, त्याचं खापर आजही संपाच्याच माथी फुटतं. पण हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत होती; म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधीच ती 'आजारी' ठरून सरकारच्या पदरात आली होती. त्याच यादीत नागपूरची मॉडेल मिल, अकोल्याची सावतराम आणि अचलपूरची विदर्भ मिलही होती. एम्प्रेस मिल १९८६मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२मध्ये कायमची बंद झाली.

जुनी यंत्रं, नफा गिरणीत न घालण्याची मालकांची सवय, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग ही कारणं संपाच्या कितीतरी आधीपासून काम करत होती. चार-सहा मागांच्या खोलीला कारखाना कायद्याचा फारसा जाच नव्हता आणि मजुरी निम्मीही द्यावी लागत नव्हती. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमाग आणि गिरणी यांना एकाच पातळीवर आणलं आणि न चालणाऱ्या गिरण्या बंद करायला वाट मोकळी केली. संपाने मरण जवळ आणलं असेल, दुखणं जुनं होतं.

गैरसमज : भरपाई आणि प्रशिक्षण दिलं की कामगार नव्या कामाला लागतो

योजना होत्या. १५ सप्टेंबर १९८६पासून केंद्राने बंद गिरण्यांतल्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला. पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. कल्पना अशी की तेवढ्यात माणूस दुसरीकडे स्थिरावेल. १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला, त्यात फेरप्रशिक्षणाला मोठं स्थान होतं. प्रत्यक्षात त्यातला बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला. अहमदाबादच्या पन्नासहून अधिक गिरण्या बंद झाल्यावर डच अभ्यासक यान ब्रेमन तिथल्या कामगारांमागे वर्षानुवर्षं फिरले. त्यांना दिसलेली माणसं रिक्षा चालवत होती, हातगाडीवर माल विकत होती, पहारेकरी झाली होती. काम होतं, कमाई, सुट्टी, भविष्य निर्वाह निधी आणि घरातला मान मात्र उतरला होता. सूत कातणाऱ्या त्रासनखात्यातल्या पंचेचाळिशीच्या माणसाला संगणकाचा वर्ग काय उपयोगाचा, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना फारसा पडलेला दिसत नाही.

आता २०२०ची औद्योगिक संबंध संहिता आहे, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात जायची, अशी तरतूद तिच्यात आहे. पंधरा दिवसांत कोणतं कौशल्य शिकायचं ते संहिता सांगत नाही.

आणि ज्यांचं नाव हजेरीपटावर पक्कं नाही त्यांचं काय? याचं उत्तर जिल्ह्यातल्या जिनांत मिळतं. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, सेलू, सिंदी, देवळी ही जिनिंगची गावं. तिथे डोक्यावर टोपली घेऊन कापूस जिनपर्यंत नेणाऱ्या, मशीनच्या तोंडाशी तो घालणाऱ्या, रुई उचलणाऱ्या बायकांच्या रांगा असत. फेब्रुवारी २०००मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. जिन आधुनिक करायला अनुदान मिळू लागलं: कचरा कमी व्हावा, गठाणीला भाव मिळावा म्हणून कापूस नळ्यांतून आणि पट्ट्यांवरून नेणं, मशीनला ऑटोफीडर बसवणं. रुईची प्रत सुधारली हे खरंच, आणि त्याची गरजही होती. बायकांचं काम मात्र सरकारच्या पैशाने कमी झालं आणि त्यासाठी कुठलाच निधी नव्हता. कपातीची भरपाई मागायला औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवसांचं काम दाखवावं लागे. जिनचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात आटोपतो. हे दिवस भरणार कसे?

धोरणाने गेलेलं काम कधी परतही येतं, पण कुणाचं, ते पाहण्यासारखं आहे. १९७२च्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने खासगी व्यापाऱ्यांना आणि अडत्यांना बाजाराबाहेर काढलं. २००२च्या सुमारास खासगी खरेदी पुन्हा सुरू झाली आणि त्यांचा धंदाही परतला. गाठीशी भांडवल असलं की तीस वर्षं थांबता येतं.

गैरसमज : शेवटी शेती आहेच

हे अर्धं खरं आहे. गिरणी सुटली की माणूस गावाकडे जातो. कोरोनाच्या काळात देशभर हेच झालं: केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार शेतीत काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९मध्ये ४२.५ टक्के होतं, ते २०२०-२१मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेलं. शेतीला तेवढ्या माणसांची गरज पडली होती असं नव्हे. जायला दुसरी जागा नव्हती. महाराष्ट्राने १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि त्याच्या खर्चासाठी पगारदारांवरचा व्यवसाय कर वापरला, तो याच टेकूला बळ द्यायला.

पण कपाशीच्या वावरातही काम कमी होत चाललं आहे. निंदण हे पूर्वापार बायकांचं काम, पावसाळ्यातल्या हातखर्चाचा मोठा आधार. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला. तणनाशकाला दाद न देणारं कपाशीचं बियाणं देशात मंजूर नाही, तरी ते पेरलं जातं. २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघड पेरून आंदोलन केलं. शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि निंदणाऱ्या बाईचीही. एकाची बचत ही दुसरीची मजुरी असते.

वेचणीला अजून यंत्राचा हात लागलेला नाही. आपल्याकडची बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचे घ्यावे लागतात, झाडं पसरतात आणि वावरं लहान. त्यामुळे बाई किलोच्या हिशेबाने वेचते, आणि हंगामात मजूर बाहेरूनही आणावे लागतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीचा प्रसार चालवला आहे: कमी उंचीची, दाट लावलेली, एका वेळी बोंडं फुटणारी झाडं. उत्पादन वाढावं हा तिचा उद्देश, पण यंत्राने वेचायलाही अशीच झाडं लागतात.