ओक्जाच्या कानात

दक्षिण कोरियातल्या एका डोंगरात, एक पोरगी पाणघोड्याएवढ्या डुकरिणीच्या पोटावर निवांत पहुडली आहे. मिजा तिचं नाव. डुकरिणीचा लोंबता कान उचलून ती आत काहीतरी कुजबुजते. काय, ते आपल्याला कळत नाही.

बाँग जून-हो यांच्या २०१७ सालच्या 'ओक्जा' या चित्रपटातलं हे जनावर जगात कधी नव्हतंच. चित्रीकरणात त्या मुलीपुढे असायचं फोमचं धूड आणि ते हलवणारा माणूस. मिठी मारताना बोटं कशात तरी रुतायला हवीत ना! कातडीच्या सुरकुत्या, श्वासाने हलणारं पोट, ओलसर डोळे, हे सगळं मागाहून संगणकावर चढवलं. हे ठाऊक असूनही ओक्जाला ओढत नेतात तेव्हा माझा जीव कासावीस होतो.

गोष्टीतली मिरांडो कंपनी सांगते की हा निसर्गाचा चमत्कार आहे. खरं तर जनावर प्रयोगशाळेत घडवलेलं. पिल्लं २६ शेतकऱ्यांकडे वाढायला देतात, १० वर्षांनी परत मागतात.

प्रत्यक्षात काय घडलं? १९८०च्या दशकात अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात, डुकराच्या भ्रूणात माणसाच्या किंवा गायीच्या वाढ-संप्रेरकाचं जनुक घातलं गेलं. चरबी घटली खरी, पण सांधे धरले, जठरात व्रण झाले, जनावरं मलूल पडली. संप्रेरक रक्तातून अंगभर फिरतं. मांसाला हात लावायचा आणि सांध्यांना नाही, असं त्याला सांगता येत नाही. इथे मला चित्रपट थोडा हळवा वाटतो. त्याची ओक्जा ठणठणीत आहे, त्या डुकरांच्या वाट्याला तेवढंही सुख आलं नाही.

खाण्यासाठी मंजूर झालेला अमेरिकेतला पहिला जनुक-बदल केलेला प्राणी मात्र मासा निघाला. २०१५ साली परवानगी मिळालेल्या या सॅमनमध्ये वाढीचं जनुक दुसऱ्या जातीच्या सॅमनचं आणि ते चालू ठेवणारं बटण ओशन पाउट या थंड समुद्रातल्या माशाचं. एरवी ऋतूनुसार मंदावणारी वाढ त्याच्यात वर्षभर चालते. केवढी अक्कल ही! अशी अक्कल असलेल्या माणसाने त्या डुकरांचे सुजलेले सांधेही पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

चित्रपटाच्या शेवटी मिजा कंपनीला सोन्याचं डुक्कर देऊन ओक्जाला सोडवते. बाहेर पडताना कुंपणाआडचं डुकरांचं एक जोडपं आपलं पिल्लू तारांखालून पुढे ढकलतं आणि ओक्जा ते तोंडात लपवते. मग पुन्हा तो डोंगर. या वेळी ओक्जा तोंड मिजाच्या कानापाशी नेते. पोरगी कान देऊन ऐकते.