दोन सायलेन्सरची जावा

जावाच्या जुन्या 250 सीसी इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. सिलिंडरला पुढून दोन तोंडं, प्रत्येकातून एक बेंड पाइप निघतो आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी मागे जातो. दिसायला देखणं, बसवायला छळवादी.

संपादकांना गोंदियाच्या भातगिरण्यांमधल्या जुन्या यंत्रांवर लेख हवा होता. ती यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या शोधात एका गॅरेजात गेलो, तिथे ही जावा सुटी करून मांडलेली होती, आणि गिरण्या मागे राहिल्या. गाडी तिच्या आताच्या मालकाच्या वडिलांची. तेंदूपानाच्या हंगामात देवरीकडच्या पानं गोळा करण्याच्या फडांवर ती फिरलेली, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर 1961च्या सुमारास या गाड्या बनू लागल्या, 1973पासून नाव येझदी झालं आणि 1996मध्ये कारखान्याला टाळं लागलं. इतिहास एवढा पुरे. मला खिळवून ठेवलं ते गॅरेजच्या मिस्त्रींच्या हातांनी.

जावाच्या या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली आला की धुराचं भोक उघडतं, वर गेला की मिटतं. त्या क्षणात ताजं पेट्रोलही धुरामागे निसटू पाहतं. नळीत उठलेली दाबाची लाट सायलेन्सरमधून उलटी फिरते आणि निसटणारं पेट्रोल आत ढकलते. म्हणजे या गाडीत सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग. आवाज यावा म्हणून पोरं त्यातली पुंगळी काढून टाकतात, आणि मग चढावर गाडी ओढत का नाही म्हणून कार्बोरेटर उघडत बसतात.

मिस्त्रींनी आधी पुंगळ्या कॉस्टिकच्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. पेट्रोलच्या लिटरमागे 30 ते 40 मिली ऑइल जाळणाऱ्या इंजिनाची काजळी डांबरासारखी चिकट बसलेली. मग तोंडाशी नवं पॅकिंग, त्यात पाइप, आणि पंखेदार नट फक्त हातानं फिरवलेला. पान्हा नाही. मागे सायलेन्सर अडकवला, ब्रॅकेटचा बोल्ट ढिला ठेवला. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग गाडीच्या मागे उकिडवे बसून त्यांनी दोन्ही शेपट्या एका रेषेत आहेत का पाहिलं. डावी बोटभर खाली होती.

मालक म्हणाला, “बोल्ट आवळला का येईल ना वर?”

“येईल ना जी. पण पाइप आपल्या आंगानं बसला पाह्यजे. ओढून बसवला का मग ब्रॅकेट तुटते.”

त्यांनी ब्रॅकेट काढला, तापवून किंचित वाकवला, पुन्हा लावला. मगच हूक पान्ह्यानं नट आवळायचे, मग जोडावरचा क्लॅम्प, सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. इंजिन चालवून तापवायचं, थंड होऊ द्यायचं आणि नट पुन्हा आवळायचे, कारण पॅकिंग उष्णतेनं दबतं. ही दुसरी आवळणी अनेक जण टाळतात, आणि महिन्याभरात जोडातून काळं तेल गळू लागतं.

खरी अडचण पहिल्याच आवळणीत निघाली. उजवा नट आवळत असतानाच गरगर फिरला. कुणीतरी पूर्वी पान्ह्याऐवजी छिन्नी-हातोडीनं तो ठोकला होता; नटाचे दोन पंखे उडालेले, सिलिंडरच्या बिडाचे आटे झिजलेले. नवा नट मिळेल, पण आटे सिलिंडरवरच असतात. बीड वेल्डिंगला नाखूष. नीट तापवून न घेता जोडलं तर शेजारी चीर जाते. उपाय लेथवर: झिजलेलं तोंड कातून त्यावर लोखंडी बाही बसवायची आणि तिच्यावर नवे बारीक आटे पाडायचे. भिंत पातळ आहे, एकदाच जमतं.

बाजारातले नवे सायलेन्सर बाहेरून हुबेहूब दिसतात, पण आतली पुंगळी वेगळ्या मापाची निघाली की ती उलटी लाट चुकते. मूळचे ठेवायचे तर क्रोम नव्यानं चढवावा लागतो. त्यात 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये. मालकाला ती नोंदणी हवी आहे, म्हणून दुसऱ्या गाडीचं सिलिंडर बसवून मोकळं व्हायला तो तयार नाही. मिस्त्रीही नाहीत.

सिलिंडर आता नागपूरला लेथवर जाणार. त्याआधी डावी बाजूही पुन्हा सुटी करावी लागेल, कारण एक नळी बसलेली असताना सिलिंडर निघत नाही.