एकाच सालाचे अनेक रुपये

व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेल्या ज्या रुपयांवर १८६२ हे साल आढळते, ते सर्व रुपये त्या एका वर्षात पाडलेले नाहीत; १८७४ मध्ये रुपयावरील साल बदलले जाईपर्यंत टांकसाळींतून बाहेर पडणाऱ्या रुपयांवर तेच साल उमटत राहिले. त्याआधीचा १८४० सालाचा रुपया ईस्ट इंडिया कंपनीने आणि कंपनीची सत्ता संपल्यावर राणीच्या सरकारनेही १८६१ पर्यंत पाडला, आणि चौथ्या विल्यमची मुद्रा असलेला १८३५ चा रुपयाही त्याच सालासह १८४० पर्यंत निघत होता. जवळजवळ चाळीस वर्षांच्या या काळात रुपयावर केवळ तीनच साले दिसतात. म्हणून एखादा रुपया नेमका केव्हा आणि कोठे पाडला गेला हे ठरवायचे झाल्यास त्यावरील तारीख बाजूला ठेवून तो ज्या ठशाने पाडला त्या ठशाकडे पाहावे लागते.

साल गोठवण्याच्या या रीतीची मुळे मोगल चलनात आहेत. मोगल रुपयावर बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, म्हणजे जुलूस, कोरलेले असे, आणि नाणे जितके जुने तितका सराफ त्यावर अधिक बट्टा घेत असत, मग त्यातील चांदी तसूभरही कमी झालेली नसली तरी. या जाचातून सुटण्यासाठी कंपनीने बंगालमध्ये शाह आलम बादशहाच्या १९ व्या जुलूसाचा रुपया वर्षानुवर्षे तसाच पाडत राहण्याचा उपाय केला, आणि पुढे इंग्रज राजमुद्रेच्या रुपयावरही हीच रीत टिकली. सराफांचा बट्टा त्यामुळे चुकला असेल, परंतु इतिहासकाराच्या वाट्याला मात्र एक कोडे आले.

ते कोडे सुटू शकते, कारण नाणे हे ठशाचे अपत्य असते. ठसा, ज्याला संग्राहकांच्या बोलण्यात सर्रास डाय म्हटले जाते, हा पोलादाचा तुकडा असून त्यावर चित्र व अक्षरे उलटी आणि खोलगट कोरलेली असतात. दोन ठशांच्या मध्ये धातूची कोरी चकती ठेवून प्रचंड दाब दिला की दोन्ही बाजूंना उठावाची मुद्रा उमटते. यंत्रयुगात प्रत्येक ठसा हाताने कोरला जात नसे. उठावाची मुद्रा असलेल्या एका मूळ पोलादी साधनाच्या, म्हणजे हबच्या दाबाने कामाचे अनेक ठसे तयार होत, आणि तरीही एखादे अक्षर, तारखेतील आकडा, टांकसाळीची खूण किंवा झिजलेल्या नक्षीची दुरुस्ती हाताने करावी लागे. एका ठशात अशा रीतीने आलेला आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर हुबेहूब उमटलेला फरक म्हणजे ठसाभेद होय. याउलट, एकाच नाण्याच्या वाट्याला आलेली विकृती, उदाहरणार्थ चकती सरकल्यामुळे अर्धवट उमटलेली मुद्रा, ही त्या नाण्याची चूक असते, ठशाचा भेद नव्हे. बाजारात या दोहोंची सर्रास गल्लत केली जाते, आणि ती नेहमीच अजाणतेपणी होते असेही नाही.

१८३५ च्या रुपयावर विल्यम राजाच्या मानेचा छेद जेथे संपतो तेथे भिंगाखाली पाहिल्यास काही नाण्यांवर आर आणि एस ही दोन इंग्रजी अक्षरे, काहींवर केवळ एफ हे अक्षर दिसते, तर काहींवर एकही अक्षर नसते. पहिली दोन अक्षरे कलकत्ता टांकसाळीशी संबंधित रॉबर्ट सॉन्डर्स यांची, तर एफ हे अक्षर त्याच टांकसाळीचे प्रमुख विल्यम नेर्न फोर्ब्स यांच्या नावाचे आद्याक्षर मानले जाते. शिवाय एफ हे अक्षर काही ठशांतून उठावाचे, तर काहींतून खोलगट आलेले आहे. १८४० च्या रुपयाचे दोन मुख्य प्रकार साध्या डोळ्यांनीही ओळखता येतात. एकात राणीचे नाव व पदवी मस्तकाभोवती सलग धावते, आणि सुमारे १८५० पासून पाडलेल्या दुसऱ्या प्रकारात नाव एका बाजूला व पदवी दुसऱ्या बाजूला अशी विभागलेली असते. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण मागच्या बाजूच्या पर्णमालेतील बारीक फळांची संख्या निरनिराळ्या ठशांत निरनिराळी असून ती विसाच्या आत-बाहेरपासून पस्तिसापर्यंत जाते. नाणेसंग्रहाचा छंद नसणाऱ्याला रुपयावरील फळे मोजत बसणे हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कोणता ठसा कोणत्या टांकसाळीचा आणि कोणत्या क्रमाने वापरला गेला हे ठरवण्यात ही मोजणी उपयोगी पडते.

१८६२ च्या रुपयात हा शोध अधिक रंजक होतो. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या टांकसाळींच्या ठशांत राणीच्या पोशाखाच्या पुढील पट्टीवरची नक्षी आणि मागच्या बाजूच्या वेलबुट्टीतील वरच्या फुलाची ठेवण वेगवेगळी आढळते, आणि त्यावरून दोन्ही बाजूंचे प्रकार पाडले गेले आहेत. मुंबई टांकसाळीने याखेरीज मागच्या बाजूस मजकुराच्या वर किंवा तारखेखाली बारीक टिंबे दिली, आणि वर्षे उलटत गेली तशी या टिंबांची संख्या बदलत गेली. बाहेरून गोठलेल्या सालाच्या आत टांकसाळीने चालवलेली ही स्वतःची कालगणना होती. फ्रेड प्रिडमोर यांनी राष्ट्रकुलातील नाण्यांवरील आपल्या ग्रंथमालेच्या हिंदुस्थानविषयक खंडांत, म्हणजे १९७५ आणि १९८० मध्ये, या खुणांची जी पद्धतशीर मांडणी केली, तिचाच आधार आजचे संग्राहक घेतात. टिंबांची एखादी जुळणी क्वचितच मिळते, तर दुसरी कोणत्याही जुन्या नाण्यांच्या दुकानात सापडते, आणि दोन्ही रुपयांत चांदी तेवढीच असूनही किमतीत मोठी तफावत पडते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकापासून सुरू झालेली तांब्याची शिवराई त्यांच्या पश्चात शतकाहून अधिक काळ त्यांच्याच नावाने पाडली जात राहिली, आणि तिच्यावर तर सालच नसते. ठसे हातांनी कोरलेले व हातोड्याने ठोकलेले असल्यामुळे शिव, सिव, पति, पती अशी लेखनाची विविधता, अक्षरांचे वळण, टिंबे आणि चिन्हे यांच्या आधारेच पूर्वीच्या व नंतरच्या शिवराई नाण्यांचा विवेक करावा लागतो. मजकुराच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली दुदांडी शिवराई ही पेशवाईतील मानली जाते. येथे आणखी एक अडचण असते ती अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो, आणि एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवून त्याचे तुकडे जुळवावे लागतात.

ओळखीचा पहिला नियम साधा आहे. ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उठून येते. म्हणून ठशाला तडा गेला असल्यास नाण्यावर उठावाची रेघ दिसते, तर नाणे खिशात किंवा थैलीत घासले गेल्याने पडलेला ओरखडा खोलगट असतो. दुसरी पारख दुहेरी उमटलेल्या अक्षरांची आहे. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीत १९५५ मध्ये एक सेंटच्या ठशावर हबचा दुसरा दाब देताना ठसा किंचित फिरला, आणि त्या ठशातून निघालेल्या नाण्यांवर तारीख व अक्षरे ठळकपणे दुहेरी उमटली. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी चलनात गेली. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रतिमा गोलसर, पूर्ण उठावाच्या आणि टोकांशी विभागलेल्या असतात. नाणे पाडताना ठसा हलल्यामुळे आलेली दुहेरी कड मात्र चपटी आणि पायरीसारखी असते, ती वारंवार आढळते आणि तिला फारसे मोल नाही.

प्रत्येक दुर्मिळ नाणे ठसाभेदामुळे दुर्मिळ होते असेही नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजवस्त्रावरील साखळीतील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप मुस्लिम समाजातून घेतला गेला, तेव्हा पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी चलनात आलेली अंदाजे सात लाख वगळता बाकीची वितळवण्यात आली, आणि १९१२ च्या रुपयासाठी हत्ती सुधारून नवे ठसे बनवले गेले. तो रुपया मोलाचा झाला तो वितळभट्टीमुळे.

ठसाभेदाला किंमत आली की त्याची नक्कलही येते. एखादे टिंब खरवडून काढणे किंवा नवे चिकटवणे हे कारागिराला अवघड नाही, आणि साच्यात ओतलेले बनावट रुपये तर जुन्या बाजारांत विपुल आहेत. म्हणून पारखीत भिंगाबरोबर तराजूही लागतो. १८३५ पासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम असून त्यात बारापैकी अकरा भाग चांदी असे. झिजेने थोडी घट समजण्यासारखी आहे, परंतु नवे कोरे दिसणारे नाणे वजनात लक्षणीय कमी भरल्यास ते संशयास्पद समजावे. भिंग दहापट दाखवणारे असले तरी पुरते. नाणे मात्र कधीही चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये, कारण ज्या बारीक खुणांवर सारी ओळख अवलंबून असते त्याच प्रथम नाहीशा होतात.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर तारखेखालचा हिरा मुंबईची, तारा हैदराबादची आणि टिंब नोएडाची टांकसाळ दर्शवते, तर कोलकात्याच्या नाण्यावर अशी खूण नसते. एवढी माहिती नसल्यामुळे साध्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील या जाहिरातींना अनेकजण भुलतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नसून अशा व्यवहारासाठी तिच्या नावाने कोणालाही शुल्क किंवा कमिशन मागण्याचा अधिकार दिलेला नाही. घरातील जुना रुपया विकण्याचा विचार करणाऱ्याने आगाऊ पैसे मागणाऱ्या कोणाशीही व्यवहार करू नये, आणि आधी त्या रुपयावरील टिंबे मोजावीत.