आकाशाचे किती, कॅमेऱ्याचे किती?

लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेणे आता शाळेच्या आकाशनिरीक्षण मंडळालाही शक्य झाले आहे. पण ते चित्र संगणकावर उजळून पाहिले की काही अनपेक्षित गोष्टी दिसू लागतात. चारही कोपरे काळपट असतात, मध्येच राखाडी कडी उमटलेली असतात, काळ्या पार्श्वभूमीवर लाल-निळे ठिपके विखुरलेले असतात. यांतले काहीही आकाशात नाही. हे दोष काढण्यासाठी चित्राचे अंशशोधन करतात. मात्र पुष्कळदा त्यानंतर चित्र सुधारण्याऐवजी आणखी बिघडते. असे का होते ते पाहू.

प्रश्न केवळ चित्र देखणे दिसण्याचा नाही. वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा हा रूपविकारी तारा सुमारे ५ दिवस ९ तासांच्या आवर्तनात ३.५ ते ४.४ प्रतीच्या दरम्यान कमी-अधिक तेजस्वी होतो. समजा, विद्यार्थी रोज त्याचे छायाचित्र घेऊन आलेख काढत आहेत. चित्राच्या कोपऱ्यात मध्यापेक्षा २० टक्के कमी प्रकाश पोहोचत असेल आणि तारा एके दिवशी मध्यावर, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आला, तर ताऱ्यात काहीही न घडता तो जवळजवळ पाव प्रतीने मंद भासेल. खरा बदल ०.९ प्रतीचा; त्यात ०.२४ प्रतीची चूक! असा आलेख ताऱ्याचा म्हणायचा की दुर्बिणीचा?

तराजूचे दोन दोष

दुकानदार तेल मोजण्यापूर्वी रिकाम्या भांड्याचा धडा करतो. भांड्याचे वजन तेलाच्या वजनात मिळवले गेलेले असते, म्हणून ते वजा करावे लागते. पण तराजूच्या दांडीचे दोन हात असमान असतील तर? मग प्रत्येक वजन ठराविक पटीने चुकते, आणि तेथे भागाकार करावा लागतो.

कॅमेऱ्यातही असेच दोन प्रकारचे दोष असतात. प्रकाश आधी भिंगांतून येतो. तेथे तो कोठे कमी, कोठे जास्त पोहोचतो. हा गुणाकाराचा दोष. मग तो चिपवर पडतो, आणि चिप व तिचे परिपथ त्यात स्वतःची भर घालतात. हा बेरजेचा दोष. पायमोजे आधी आणि बूट नंतर घातले, तर काढताना बूट आधी काढावे लागतात. तसेच येथेही आधी वजाबाकी आणि मगच भागाकार केला पाहिजे.

तीन जादा चित्रे

यासाठी तीन प्रकारची जादा चित्रे घ्यावी लागतात.

बायस: दुर्बिणीवर झाकण ठेवून, शक्य तितक्या कमी वेळाचे चित्र. प्रकाश नसतानाही कॅमेरा प्रत्येक पिक्सेलला एक ठराविक आकडा देतो. हा भांड्याचा धडा.

डार्क: झाकण ठेवूनच, पण मूळ चित्राइतक्याच वेळाचे आणि त्याच आयएसओवर घेतलेले चित्र. चिपमधील उष्णतेमुळे सुटणारे इलेक्ट्रॉन यात नोंदले जातात. त्यात बायसही आलेलाच असतो.

फ्लॅट: सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे चित्र. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून संध्याकाळच्या आकाशाकडे रोखली तरी चालते. मात्र कॅमेऱ्याची जागा आणि फोकस जराही बदलता कामा नये.

कृती अशी: मूळ चित्रातून डार्क वजा करायचा, फ्लॅटमधून बायस वजा करायचा, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी चिपची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आज बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस चिप असते, पण हिशेब हाच आहे. संशोधनासाठी मोठ्या दुर्बिणींची चित्रे हाताळताना आम्हीही याच पायरीपासून सुरुवात करतो.

कोपरे काय सांगतात?

आता आकडे घेऊ. आकाशाचा खरा प्रकाश मध्यावर १००० आणि कोपऱ्यात ८०० इतका पोहोचतो. बायस ५०० आहे आणि उष्णतेची भर नगण्य आहे. म्हणजे मूळ चित्रात १५०० आणि १३०० हे आकडे दिसतील. फ्लॅटमध्ये प्रकाश २००० आणि १६००, म्हणजे बायस धरून २५०० आणि २१००.

कृती बरोबर केली तर ८०० ला १६००/२००० ने, म्हणजे ०.८ ने भागले जाते. उत्तर १०००, मध्याइतकेच.

मूळ चित्रातून डार्क वजा करायचे राहिले, तर १३०० ला ०.८ ने भागले जाते. उत्तर १६२५, आणि मध्यावर मात्र १५००. कोपरे उजळ!

फ्लॅटमधून बायस वजा करायचा राहिला, तर ८०० ला २१००/२५००, म्हणजे ०.८४ ने भागले जाते. उत्तर सुमारे ९५२. कोपरे अजून काळपटच!

डार्कमध्ये बायस असूनही तो मूळ चित्रातून पुन्हा वेगळा वजा केला, तर मध्यावर ५०० आणि कोपऱ्यात ३७५ उरतात. कोपरे पुन्हा काळपट. म्हणून उजळ कोपरे दिसले तर आधी मूळ चित्राची वजाबाकी तपासावी. काळपट दिसले तर फ्लॅटची वजाबाकी तपासावी आणि बायस दोनदा तर गेला नाही ना, हेही पाहावे.

कडी आणि ठिपके

राखाडी कडी ही चिपसमोरच्या काचेवरील धुळीची सावली असते. आरशाच्या दुर्बिणीत मधल्या छोट्या आरशामुळे सावलीच्या मध्यभागी छिद्र दिसते. सावलीच्या व्यासाला फोकल गुणोत्तराने गुणले की धूळ चिपपासून साधारण किती दूर आहे ते कळते. एफ/६ च्या दुर्बिणीत सावली १ मिलिमीटरची असेल, तर धूळ सुमारे ६ मिलिमीटरवर आहे. अंशशोधनानंतर कड्याची एक बाजू काळी आणि दुसरी उजळ दिसली, तर फ्लॅट आणि मूळ चित्र यांच्या दरम्यान धूळ सरकली किंवा कॅमेरा फिरला, असे समजावे.

लाल-निळे ठिपके उरले, तर बहुधा तापमान जुळलेले नसते. साधारण ६ अंश सेल्सिअस वाढीला उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात. संध्याकाळी घेतलेले डार्क पहाटेच्या चित्रांना जुळणार नाहीत. ते चित्रांच्या अधूनमधून घ्यावेत.

दोन सूचना आणखी. डार्क वजा केल्याने चित्रातला रवाळपणा जात नाही, कारण तो दर चित्रात वेगळा असतो. उलट एकच डार्क वापरला तर त्याचा रवाळपणा मूळ चित्रात मिसळतो. १६ डार्कची सरासरी घेतली तर तो चौथाईवर येतो. आणि चित्रे नेहमी रॉ स्वरूपातच साठवावीत. जेपेग चित्रात आकडे प्रकाशाच्या प्रमाणात राहिलेले नसतात. मग वरचे गणित लागूच पडत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी कॅमेराही लागत नाही. फळ्यावर पाच चौकोनांत १००० हा आकडा लिहा. त्यांना अनुक्रमे ०.८, ०.९, १, ०.९, ०.८ ने गुणा आणि प्रत्येकात ५०० मिळवा. वर्गाचे दोन गट करा. एकाने आधी ५०० वजा करून मग भागावे, दुसऱ्याने आधी भागून मग ५०० वजा करावे. दोन्ही उत्तरांचे आलेख शेजारी शेजारी काढा आणि दुसऱ्या गटाचे कोपरे किती उजळले ते मुलांनाच सांगू द्या.