अँकर आणि रिपोर्टर: काही पक्के गैरसमज

वृत्तवाहिनीच्या अँकरविषयी सर्वांत रुजलेला समज असा, की देखणा चेहरा आणि खणखणीत आवाज एवढे भांडवल पुरते. दूरदर्शनच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथे सुरुवातीच्या वर्षांत स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनी मराठी बातम्या दिल्या. पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला. बातमीपत्र वृत्तविभाग तयार करी. निवेदकाने ते स्वच्छ उच्चारांत, न अडखळता, ठरल्या वेळेत वाचायचे (हेही सोपे नव्हेच). २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, म्हणजे आताची एबीपी माझा, सुरू झाल्या आणि चोवीस तासांच्या बातम्यांनी हे गणित मोडले.

आता अँकरचा कस लागतो तो प्रॉम्प्टर (वाचायचा मजकूर दाखवणारा पडदा) रिकामा झाल्यावर. अधिवेशनाची बातमी चालू असताना कुठे तरी इमारत कोसळल्याचे कळते. पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, प्रोड्यूसर कानात सांगतो, ‘ब्रेकिंग घ्या, फोनो जोडतोय,’ म्हणजे रिपोर्टर फोनवरून बोलणार. हाताशी माहिती दोनच गोष्टींची: ठिकाण आणि वेळ. रिपोर्टर लाइनवर येईपर्यंतचा वेळ अँकरने निभावून न्यायचा, मृतांचा आकडा अंदाजाने न ठोकता. शिवाय बोलता बोलता कानातल्या सूचनाही ऐकायच्या. तिथे रोजचे वाचन आणि डेस्कवर काढलेली वर्षे कामी येतात.

रिपोर्टरला बढती मिळाली की तो अँकर होतो, हाही असाच एक समज. प्रत्यक्षात या दोन वाटा निराळ्या आहेत, मधूनच एकमेकींना छेदणाऱ्या. बरेच जण डेस्कवर सुरुवात करतात: बाइट (कुणाच्या बोलण्याचा तुकडा) कापणे, अँकरसाठी लीड (बातमीची सुरुवात) लिहिणे, पॅकेजला (दृश्यांसह तयार बातमीला) व्हॉइस ओव्हर देणे. मग कोणी स्टुडिओत जातो, कोणी फील्डवर. मंत्रालय किंवा क्राइम बीट सांभाळणारा पुढे ब्युरो चीफ, राजकीय संपादक होऊ शकतो आणि अँकरच्या खुर्चीत एकदाही न बसता निवृत्त होऊ शकतो. काही जण थेट छापील पत्रकारितेतून वरच्या जागी येतात. ‘महानगर’ दैनिकाचे निखिल वागळे २००८ मध्ये सुरू झालेल्या आयबीएन लोकमत वाहिनीचे संपादक झाले आणि पडद्यावर चर्चाही घेऊ लागले.

हातात वाहिनीचा बूम (नाव लिहिलेला माइक) दिसला की तो माणूस वाहिनीचा पगारी नोकर, असे गृहीत धरले जाते. तालुक्याच्या ठिकाणी तो बहुधा स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीत नसलेला बातमीदार, असतो. कॅमेरा त्याचा, गाडीत पेट्रोल त्याचे आणि मोबदला अनेकदा लागलेल्या बातमीमागे. पोट भरायला तो एखाद्या दैनिकाचेही काम करतो. पूर आला की सर्वांत आधी दिसणारी दृश्ये पुष्कळदा त्याचीच असतात. नाव मात्र क्वचितच झळकते.

उरला कागदपत्रांचा प्रश्न. भारतात पत्रकारितेसाठी परवाना लागत नाही, विशिष्ट पदवीचीही कायदेशीर सक्ती नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचे शिक्षण उपयोगी पडते, पण ते नोकरीची हमी देत नाही. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृतीपत्रिका ही सवलती आणि प्रवेशासाठी असते. तिच्याशिवायही बातमीदारी करता येते. पगाराचे सांगायचे तर, श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा कायदा आणि त्याखालची वेतन मंडळे वृत्तपत्रे व वृत्तसंस्थांसाठी होती. वाहिन्यांतले पगार मात्र वाटाघाटीवर ठरत आले, म्हणून एकाच न्यूजरूममध्ये प्राइम टाइमचा चेहरा आणि रात्रपाळीचा कॉपी एडिटर यांच्या पगारांत मोठी तफावत आढळते.