रोख पैसा, कायदा आणि नागरिक

लग्नघरातील एक साधा व्यवहार घेऊ. यजमानाने आचाऱ्याशी पंगतींचा ठराव केला. नव्वद हजार रुपये विसार म्हणून दिले, नव्वद हजार हळदीच्या दिवशी दिले आणि उरलेले नव्वद हजार वरात निघाल्यावर मोजून हाती ठेवले. सारे पैसे रोख, सर्वांची पावती झालेली, कोणी कोणाला फसविलेले नाही. एका वेळी दोन लाखांहून कमीच रक्कम दिली गेली, तेव्हा आपण कायद्याला धरूनच वागलो, असे दोघांनाही वाटते. वस्तुतः तसे नाही. एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून घेतलेली ही रक्कम एकूण २,७०,००० रुपये होते आणि ती रोखीने स्वीकारल्याबद्दल आचाऱ्याला तेवढाच, म्हणजे २,७०,००० रुपये, दंड होऊ शकतो. यजमानाला या कलमाखाली काहीच होत नाही. जबाबदारी घेणाऱ्याची आहे, देणाऱ्याची नव्हे.

हा नियम पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि ज्यांना ठाऊक असतो त्यांतील पुष्कळांना तो खटकतो. 'पैसा माझा, घामाचा, त्यावरचा करही भरलेला. मग तो मी नोटांनी द्यावा की धनादेशाने, हे सरकारने का ठरवावे?' असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, आणि कर चुकविणाऱ्याचा कांगावा म्हणून तो उडवून लावणे बरोबर नाही. म्हणून कायदा काय आहे, तो का झाला आणि त्याच्या बदल्यात नागरिकाने सरकारकडे काय मागावे, या तीन गोष्टी आपण क्रमाने पाहू.

१९६१ च्या आयकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून २६९ एसटी हे कलम आले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तीन लाखांची मर्यादा सुचविली होती. विधेयक संमत होताना ती दोन लाखांवर आली. कलमाच्या कसोट्या तीन आहेत. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एकाच व्यवहारापोटी, किंवा एका प्रसंगाशी वा समारंभाशी संबंधित व्यवहारांपोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. ती अकाउंट पेयी धनादेशाने, ड्राफ्टने किंवा बँक खात्यातून विद्युत मार्गाने घेतली पाहिजे. सरकार, बँका आणि टपाल खात्याची बचत बँक यांना ही बंदी लागू नाही. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यातही कलमाचा क्रमांक बदलून ही मर्यादा कायम ठेवण्यात आली आहे.

या शब्दांची व्याप्ती मोठी आहे. बापाने लेकीला प्रेमाने तीन लाख रुपये रोख दिले, तर त्या देणगीवर कर नाही. पण ती रोखीने घेणे मात्र नियमाविरुद्ध आहे. शेतकऱ्याने आपला माल व्यापाऱ्याला विकला, तर शेतीचे उत्पन्न करमुक्त असूनही दोन लाखांची रोख त्याला घेता येत नाही; त्याच्या आतली रोख चालते, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्ये केला. म्हणजे हा नियम केवळ कराचा नाही. पैसा कोणत्या वाटेने जावा, याचा हा नियम आहे.

अशा नियमांची सुरुवातही २०१७ ची नव्हे. धंद्यातला खर्च ठराविक रकमेपलीकडे रोखीने केला तर तो नफ्यातून वजा करू द्यायचा नाही, ही तरतूद १९६८ सालची आहे. तेव्हा मर्यादा अडीच हजार होती. २०१७ पासून ती सर्वसाधारणपणे दिवसाला एका व्यक्तीमागे दहा हजार आहे. रोखीने कर्ज वा ठेव घेण्यावर १९८४ साली मर्यादा आली. तिचे कारण मनोरंजक आहे. धाडीत घबाड सापडले की घरमालक सांगे, 'हे माझे नव्हेत, अमक्याकडून उसने घेतले आहेत.' मग मागची तारीख घालून अमक्याची चिठ्ठी हजर होई. ही पळवाट बुजविण्यासाठी ते कलम आले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रोख पैशावर सरकार दोन रीतींनी हात घालते. एक रीत नोट रद्द करण्याची. दुसरी व्यवहारावर मर्यादा घालण्याची. पहिली आपण तीनदा अनुभवली. १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. १६ जानेवारी १९७८ रोजी हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटांची तीच गत झाली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा गेल्या. या तिसऱ्या खेपेस १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाद झाल्या आणि त्यांतील १५.३१ लाख कोटींच्या परत बँकेत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच नमूद केले. काळा पैसा नोटांच्या थप्प्यांतच साठविलेला असतो, हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरविला. तो जमिनीत, सोन्यात आणि परक्याच्या नावावरच्या मालमत्तेतही असतो. शिवाय नोट रद्द करताना चोर आणि साव एकाच रांगेत उभे राहतात. डाळीच्या डब्यात चार पैसे मागे टाकणाऱ्या गृहिणीलाही ते सर्वांदेखत बाहेर काढावे लागले.

दुसरी रीत त्या मानाने न्याय्य आहे, असे आमचे मत आहे. ती घरात ठेवलेल्या पैशाला हात लावत नाही. मोठा व्यवहार नोंदीशिवाय होऊ नये, एवढेच म्हणते. तिची गरज कोठे भासते, हे घर घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही नोकरदाराला विचारावे. जागेची खरी किंमत एक, खरेदीखतावरची दुसरी, आणि मधला फरक 'रोख द्या' म्हणून सांगितलेला. ज्याचे सारे उत्पन्न पगाराच्या पत्रकावर आहे आणि बाकीची रक्कम बँकेच्या कर्जातून यायची आहे, त्याने हा फरक कोठून आणावा? जागा मग रोख मोजणाऱ्याला जाते. सरकारचे मुद्रांक शुल्क बुडते ते वेगळेच. तेव्हा रोखीचे एकाचे स्वातंत्र्य हे दुसऱ्या, सरळमार्गी माणसाच्या वाटेतली धोंड होऊ शकते.

तरीही नाण्याची दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. नोट ही एक अद्भुत वस्तू आहे. ती सहीविना, ओळखपत्राविना, यंत्राविना चालते. तिच्यावर किंमत पंधरा भाषांच्या पट्ट्यात छापलेली असते, त्यांत मराठी आणि कोकणीही आहेत. ती ज्याच्या हातात, तो तिचा मालक. बँकेतल्या पैशाचे तसे नाही. तो आपला म्हणायचा, पण प्रत्यक्षात ते बँकेने आपल्याला असलेले देणे असते. देणेकरी गोत्यात आला म्हणजे काय होते, ते मुंबईकरांनी सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला प्रथम काढता येत होते ते केवळ एक हजार रुपये. ठेवींवरचा विमाही त्या वेळी एका लाखापुरता होता; तो पाच लाखांचा झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. कायद्याप्रमाणे वागून पैसा बँकेत ठेवणाराच तेथे अडकला.

दुसरा प्रश्न खाजगीपणाचा. आपण कोणत्या डॉक्टरांकडे जातो, कोणत्या संस्थेला वर्गणी देतो, कोणती पुस्तके घेतो, हे सारे देण्याघेण्याच्या नोंदींवरून कळू शकते. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. म्हणजे रोखीची मर्यादा आणि हा निर्णय एकाच वर्षातले. दोघांचा मेळ घालणे हे काम तेव्हाच सुरू व्हावयास हवे होते. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला २०२३ साली, आणि त्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेली आहे.

इतर देशांनी हा मेळ निरनिराळ्या रीतीने घातला. फ्रान्सने २०१५ पासून तेथील रहिवाशांना व्यापाऱ्याशी रोखीने एक हजार युरोपर्यंतच व्यवहार करण्याची मुभा ठेवली. इटलीने २०११ साली मर्यादा एक हजारावर आणली, पुढे तीन हजार केली, पुन्हा दोन हजारांवर उतरविली आणि २०२३ पासून पाच हजार केली. जर्मनीत पाळतीचा इतिहास लोक विसरलेले नाहीत. त्या देशाने स्वतःची अशी सरसकट मर्यादा घातली नाही. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमानुसार जुलै २०२७ पासून साऱ्या संघात दहा हजार युरोंची मर्यादा ठरली आहे. पण धंद्याशी संबंध नसलेल्या दोन खाजगी माणसांमधला व्यवहार तिच्यातून वगळला आहे. अमेरिकेत बंदी नाही; धंद्यात दहा हजार डॉलरांपेक्षा जास्त रोख आली तर ते सरकारला कळवावे लागते. ऑस्ट्रेलियात दहा हजार डॉलरांच्या मर्यादेचे विधेयक २०१९ साली आले, त्यात तुरुंगवासाचीही तरतूद होती. लोकांच्या विरोधानंतर २०२० साली ते बाजूला पडले. कळविणे आणि बंदी करणे यांत अंतर आहे, आणि बाप-लेकीतला व्यवहार व बिल्डरचा व्यवहार यांतही अंतर आहे, हे या उदाहरणांवरून दिसते. आपल्या कायद्यात हा दुसरा भेद पुरेसा नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मोठा व्यवहार बँकेच्या दारातूनच झाला पाहिजे, असे सरकार जेव्हा सांगते, तेव्हा ते नागरिकावर बंधन घालते, तसेच स्वतःवर एक ऋणही घेते. ते दार सुरक्षित असले पाहिजे, हे पहिले. त्या दारावरची वही वाटेल त्याने उघडू नये, हे दुसरे. अडीअडचणीला ते अडू नये, हे तिसरे. कोविडच्या साथीत सरकारने हे ओळखले. एप्रिल व मे २०२१ या दोन महिन्यांसाठी रुग्णालयांना, रुग्णाचा व पैसे देणाऱ्याचा पॅन किंवा आधार क्रमांक घेऊन, दोन लाखांहून अधिक रोख घेण्याची परवानगी देण्यात आली. माणूस खाटेवर असताना धनादेश शोधत बसता येत नाही, हे त्या आदेशाने मान्य केले. पण आजारपण काही साथीपुरते नसते. सबळ कारण दाखविल्यास दंड माफ होऊ शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. मात्र ते कारण पटवीत अधिकाऱ्यापुढे उभे राहणे लहान माणसाला जड जाते.

चौथे ऋण आकड्याचे. २०१७ साली दोन लाखांत साधारण सहा-सात तोळे सोने येत असे. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला. म्हणजे त्याच दोन लाखांत दोन तोळेही येईनात. रोखीने कर्ज घेण्याची वीस हजारांची मर्यादा तर १९८९ पासून हललेली नाही. तेव्हा वीस हजार ही व्यापाऱ्याची उलाढाल होती. आज मित्राने औषधपाण्यासाठी दिलेली उसनवारीही तेवढी होते. आकडा तसाच ठेवून भाव वाढू दिले की संसदेने एक अक्षरही न बदलता कायदा दरवर्षी थोडा थोडा आवळत जातो. मर्यादा ठेवायची तर तिचा ठराविक काळाने फेरविचार झाला पाहिजे.

पाचवे ऋण समदृष्टीचे. ज्या २०१७ च्या वित्त कायद्याने आचाऱ्याच्या रोखीवर मर्यादा घातली, त्याच कायद्याने निवडणूक रोखे आणले, ज्यांत पक्षाला पैसा देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. लग्नाच्या जेवणाचा हिशेब उघड आणि सत्तेच्या जेवणाचा हिशेब झाकलेला, ही रीत चालू देता कामा नये.

दरम्यान नियम आहे तो पाळला पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्देश दिला की, दोन लाख वा अधिक रोख दिल्याचे ज्या दाव्यात सांगितले असेल, त्याची खबर न्यायालयाने आयकर खात्याला द्यावी. दस्तात तसा उल्लेख असल्यास नोंदणी कार्यालयानेही द्यावी. तेव्हा विसार, पागडी, दागिने, मंडप, कोणताही मोठा व्यवहार करताना हप्त्यांची नव्हे, एकूण रकमेची बेरीज आधी करावी. दुकानदाराने, आचाऱ्याने, कार्यालयाच्या चालकाने तर ती अवश्य करावी, कारण दंड त्यांच्या माथी आहे.

व्यवहार चोख ठेवण्याची सवय आपल्याला परकी नाही. रोजकीर्द आणि खतावणी आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या लिहिली गेली. हिशेब देण्याला आमची हरकत नाही. हिशेब मागणाऱ्यानेही आपली वही उघडी ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.