दाताचे पांढरे सिमेंट कडेने का सुटते?

‘चांदी नको डॉक्टर, पांढरे सिमेंट भरा,’ असे आता खेड्यातला रुग्णही सांगतो. हे सिमेंट खरे तर सिमेंट नव्हेच. कॉम्पोझिट म्हणजे राळेसारखे प्लास्टिक आणि त्यात काचेची अतिबारीक पूड. निळा प्रकाश टाकला की ते काही सेकंदांत कडक होते. मात्र कडक होताना आकसते, आकारमानात साधारण 2 ते 3 टक्के. ऐकायला किरकोळ, पण जिवाणूला आत शिरायला केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी फट पुरते.

चांदीचा मसाला खड्ड्यात नुसता अडकून बसतो आणि पुढे त्याच्याच गंजाने कडेची फट बरीचशी बुजते. कॉम्पोझिटला ती सोय नाही. ते चिकटवावेच लागते. ही वाट 1955 मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवली. फॉस्फोरिक आम्लाने दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, खरखरीत केले की प्लास्टिक त्याला घट्ट धरते. दातावर रंगीत जेल लावून ते काही सेकंदांनी धुतात, मग ब्रशने चिकटद्रव लावतात, ते यासाठीच.

दाढेतला खड्डा 5 मिलिमीटर खोल असेल आणि सगळा मसाला एकदम कोंबला, तर प्रकाश तळापर्यंत पुरेसा पोचत नाही. वरून टणक, खाली अर्धेकच्चे. शिवाय सगळ्या भिंतींना एकाच वेळी चिकटलेला गोळा आकसताना त्या आत ओढतो, आणि जिथे पकड कच्ची तिथे सुटतो. म्हणून साधारण 2 मिलिमीटरचे थर, शक्यतो तिरके, एकेका भिंतीला टेकवत भरतात आणि प्रत्येक थर वेगळा कडक करतात. थरांमुळे ताण नेमका किती घटतो यावर तज्ज्ञांत वाद आहे. तळ नीट पक्का होतो, यावर मात्र नाही. ‘बल्क फिल’ प्रकारचा मसाला 4 मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येतो. त्याने वेळ वाचतो, काळजी वाचत नाही.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे थुंकी. आम्लाने तयार केलेल्या पृष्ठभागावर तिचा एक थेंब पडला तरी पकड बिघडते. यासाठी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. 1864 पासून माहीत असलेली ही युक्ती आपल्याकडे अजून कंटाळ्याने टाळली जाते. गालात कापूस कोंबून दहा मिनिटांत दाढ भरून देणाऱ्याचे कौतुक जपूनच करावे.

खड्डा हिरडीच्या खाली गेला असेल, तर तिथे कोरडेपणा राखणे अवघड आणि एनॅमलही पातळ किंवा नसलेलेच. अशा वेळी तळाला ग्लास आयोनोमर भरून वर कॉम्पोझिट देणे हा शहाणपणाचा पर्याय. ते ओलावा थोडा सहन करते, दाताला स्वतःहून चिकटते आणि फ्लोराइडही सोडते.

भरलेल्या दाताला चार-आठ दिवस थंड लागले तर घाबरू नये. चावताना दुखले तर भरण उंच राहिलेले असू शकते. ते घासून घेतले की बहुधा थांबते. कडेला तपकिरी रेघ दिसली म्हणजे कीड लागलीच असे नाही. चहा-तंबाखूचा डागही असतो, आणि पॉलिश किंवा छोट्या दुरुस्तीने भागत असेल तर सगळे भरण उकरून काढू नये. प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही जातो. पण एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल, तर काडीने कोरत न बसता दंतवैद्याला दाखवावे.